दोन सेंटिमीटर आणि तुझे पाय

प्रिय पोरा,

उंची वाढवायला पाय लांब करायचं ऑपरेशन करू का, हे विचारणारा तुझा मेसेज वाचला. अशा गोष्टीला दोन ओळींत उत्तर देऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पोलीस भरतीत पुरुषांना 165 सेंटिमीटर लागतात, तू 163 भरलास आणि धावायच्या आधीच तुला बाजूला काढलं. त्यानंतर महिन्याभरात स्थळ आलं आणि मुलीचा मामा ओट्यावर बसून म्हणाला, ‘पोऱ्या चांगला शे, पन ठेंगना दिखस.’ तू आत चहाचे कप भरत होतास आणि तुला ते ऐकू आलं. वाचून मला त्या मामाचा रागच आला. तुला लागलंय ते खरं आहे आणि ‘उंचीत काय ठेवलंय’ म्हणून मी ते उडवून लावणार नाही. सचिन तेंडुलकर, लालबहादूर शास्त्री ही नावंही पुढे करणार नाही. ती यादी तू शंभरदा ऐकली असशील आणि तिने कुणाचं दुखणं कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

पण पाय लांब करायच्या ज्या ऑपरेशनबद्दल तू विचारतोस, त्याच्या नंतरचे महिने माझ्यासारख्या फिजिओथेरपीवाल्याच्या टेबलावर जातात. तेवढ्याबद्दल मी खात्रीने बोलू शकतो.

ही पद्धत इलिझारोव्ह नावाच्या सोव्हिएत डॉक्टरांनी सायबेरियातल्या कुर्गान गावी 1950च्या दशकात बसवली. युद्धातले जखमी, न जुळणारी हाडं, एक पाय आखूड राहिलेली मुलं अशांसाठी. आपल्याकडे धुळे-जळगाव-भुसावळ हायवेवर ज्यांचे पाय ट्रकखाली जातात, त्यांच्यातले कितीतरी या पद्धतीच्या धातूच्या रिंगमुळे पुन्हा चालतात. त्या विद्येबद्दल मला अतोनात आदर आहे. पण तू तीच विद्या धडधाकट पायांवर वापरायला निघाला आहेस, म्हणून नेमकं काय होतं ते ऐक.

हाड मुद्दाम कापतात. बाहेरून धातूच्या रिंगा बसवतात आणि तारा किंवा पिना कातडीतून आरपार हाडात जातात. आठवडाभर थांबून मग नट फिरवायला सुरुवात होते. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव मिलिमीटर. म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर, त्याहून घाई करता येत नाही. मधल्या फटीत नवं हाड धरतं. ते आधी इतकं कोवळं असतं की एक्स-रेत धूसर ढगासारखं दिसतं. सहा सेंटिमीटर हवे असतील तर साठ दिवस नुसतं ताणण्यात जातात आणि त्यानंतर ते हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट किंवा जास्त काळ. सगळं सुरळीत गेलं तरी मोकळेपणाने चालायला वर्ष लागू शकतं. आता हाडाच्या आत बसणारे चुंबकावर चालणारे रॉडही आले आहेत, त्यात बाहेर रिंग नसते. पण हाड कापावंच लागतं, ताणावंच लागतं आणि तो रॉड काढायला पुढे पुन्हा ऑपरेशन. खर्च साध्या रिंगलाही लाखांत आणि रॉडला त्याहून पुष्कळ जास्त.

पारोळ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. अपघाताची केस, एकाच पायाला रिंग. त्याच्या आईने पायजम्याची एक बाजू उसवून नाड्या लावल्या होत्या, कारण रिंगवरून कुठलाच कपडा चढत नव्हता. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपायच्या आधी ती छोटा पाना घेऊन नट फिरवायची आणि वहीत टिकमार्क करायची. प्रत्येक पिनेभोवतीची खपली सलाईनच्या गॉजने काढायची, तेव्हा तो पोरगा पलंगाची कड धरून बसायचा. हाड छान वाढत होतं. पण हाड वाढतं तसे स्नायू आणि नसा आपोआप लांब होत नाहीत, त्यांना ओढून न्यावं लागतं. त्याची पोटरी इतकी आखडली की टाच जमिनीला टेकेना. रोज टॉवेल पायाला अडकवून आम्ही पाऊल वर खेचायचो. तगडा गडी, पण घामाने निथळायचा. तुझ्या बाबतीत हे दोन्ही पायांना एकदम होईल, आणि त्याला एरवी चालताच आलं नसतं म्हणून त्याने हे सोसलं. तुला आज चालता येतं.

पिनांच्या जागी पू होणं तर नेहमीचंच. त्याखेरीज नस ताणली जाऊन पाऊल लोंबणं, हाड न धरणं किंवा वाकडं धरणं, गुडघा पूर्ण न वळणं, रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणं हेही घडतं. चांगला सर्जन हे सगळं आधी सांगतो आणि मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवतो. जो फक्त ‘किती इंच हवेत’ एवढंच विचारतो, त्याच्यापासून लांब राहा. चीनने 2006 मध्ये निव्वळ उंचीसाठीच्या या ऑपरेशनवर बंदी घातली, ती उगाच नाही. आणि 2016 साली हैदराबादला एका तरुण इंजिनिअरने घरी न सांगता हेच करून घेतलं. आई-वडील त्याला शोधत हॉस्पिटलात पोहोचले, तेव्हा त्याच्या दोन्ही पायांची हाडं कापून ऑपरेशन झालेलं होतं. ते तेव्हा पेपरात आलं होतं. रील्समध्ये आधीचा फोटो असतो आणि नंतरचा असतो. मधले महिने कुणी दाखवत नाही.

आता तुझ्या पायांबद्दल. मागच्या हंगामात तुमच्या मळ्यात केळीची कापणी चालली होती, तेव्हा मी बांधावर होतो. मजूर कमी पडले म्हणून तू स्वतः घड वाहत होतास. वीस-बावीस किलोचा घड खांद्यावर, खाली चिखल, आणि तू ओळीतून ट्रॅक्टरपर्यंत जवळजवळ पळत होतास. गुडघे, घोटे, पाठ, सगळं एका लयीत. दिवसभर अधू सांधे हाताळणाऱ्या माणसाला असे पाय दिसले की त्याची नजर तिथेच खिळते. या पायांचा हिशोब तू मांडलेलाच नाहीस. ऑपरेशननंतर पुष्कळजण नीट चालतात. पण पूर्वीसारखं धावणं, उकिडवं बसणं, ओझं घेऊन चिखलातून जाणं परत येईलच, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

भरतीसाठीच हे करायचं म्हणशील तर तेही पटत नाही. उंचीत बसलास तरी पुढे 1600 मीटर धावायचं आहे आणि मेडिकलला पायावरचे व्रण डॉक्टरांसमोर उघडे असणार. त्यापेक्षा वनरक्षकाची जाहिरात बघ. तिथे पुरुषांना उंची 163 सेंटिमीटर लागते, म्हणजे तू बसतोस. आणि तिथली चालण्याची परीक्षा चार तासांत पंचवीस किलोमीटर असते. तुझ्या पायांसाठीच ती ठेवलीय असं मला वाटतं. बारावीचे विषय नियमात बसतात का ते आधी तपास. तलाठी, ग्रामसेवक यांना उंचीची अटच नाही. आणखी एक, मोजणी सकाळी झाली तर बरं. रात्रभर आडवं झाल्यावर मणके मोकळे होतात आणि माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतो. तुझ्यासारख्या काठावरच्या पोराला तेवढ्याचाही फरक पडतो. उंची वाढवायच्या पावडरी मात्र फेकून दे. तेविसाव्या वर्षी हाडांची वाढीची टोकं कधीच मिटलेली असतात.

लग्नाचं म्हणशील तर काही घरं उंची बघणारच, ते मी नाकारत नाही. पण दोन्ही पायांवर व्रण घेऊन तू बोहल्यावर उभा राहिलास, तर त्या मुलीला काय सांगणार आहेस? लपवणार की सांगणार? याचं उत्तर तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं आणि मला तेच जास्त लागलं. जिच्याशी जन्म काढायचा, तिच्यापासून सुरुवातीलाच एवढं मोठं काही दडवावं लागू नये.

दिवसातून दहादा दाराच्या चौकटीशी उंची मोजतो, ग्रुप फोटोत मागे उभा राहतो, हे तू सहज लिहिलंस. मला ते सहज वाटलं नाही. जळगावात माझ्या ओळखीचे एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे मी तुझ्यासोबत येतो. वेड लागलंय म्हणून नव्हे. तू रात्री झोपत नाहीस म्हणून.

वावराचा तुझा हिस्सा गहाण टाकायचं तू लिहिलंस, ते तेवढं थांबव. वडिलांशी माझी ओळख आहे, पण मी त्यांना काही बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. ते तू सांगायचंस. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी येईल, आधी तिला सांग. तिच्याजवळ बोलणं तुला सोपं जाईल. एवढं सगळं करूनही मन हटलं नाही, तर मी तुला अडवणार नाही. एका अनुभवी सर्जनला सोबत भेटू आणि ज्याचा सहावा महिना चालू आहे असा पेशंट तुला दाखवू.

गुरुवारी संध्याकाळी ये, सातनंतर माझ्याकडे गर्दी नसते. दहावी-बारावीच्या मार्कशीट आण, वनरक्षकाचा फॉर्म कसा भरायचा ते बसून पाहू. आणि चालायचे बूट घालून ये.

तुझा,
काका