कॅराव्हॅनच्या टाकीतलं पाणी प्यायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा: तुम्ही दोघं ४६२ व्हिसावर (काम करत फिरण्याचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा) ऑस्ट्रेलियात येणार, जुनी कॅराव्हॅन घेऊन वर्षभर कामं करत फिरणार. मग टाकीतलं पाणी प्यावं, की पुण्याहून छोटा आरओ आणावा?

आरओ आणू नका. तो बरंच पाणी वाया घालवतो, आणि ९५ लिटरच्या टाकीत वाया घालवायला पाणी नसतं. इथल्या शहरांत नळाचं पाणी थेट पितात. ते बिघडतं ते पुढे, तुमच्या पाइपात आणि टाकीत.

बागेचा पाइप वापरू नका, उन्हात तापला की त्याची चव पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यासाठीचा, एएस/एनझेडएस ४०२० (इथलं पिण्याच्या पाण्याच्या साहित्याचं मानक) छापलेला, प्रकाश आत न जाणारा पाइप घ्या. भरण्याआधी नळाचं तोंड पुसून मिनिटभर पाणी वाहू द्या. झाल्यावर पाइप निथळून त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून ठेवा. डम्प पॉइंटच्या नळाला हा पाइप कधीही लावायचा नाही. तिथे लोक संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढती टाकी, रिकामी करून विसळतात.

जुनी गाडी घेताना पंपाच्या तोंडाशी असलेली पारदर्शक वाटी फिरवून काढा. आत बारीक जाळी असते, तिच्यावर अंगठा फिरवून बघा. बुळबुळीत लागलं, तर तोच थर टाकीच्या आतूनही बसलेला असणार असं धरून चाला. पांढरा कीस दिसला तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो टाकीला भोकं पाडताना उडालेला प्लास्टिकचा भुगा असतो. जाळी धुऊन परत बसवा.

मग टाकी निर्जंतुक करायची. सुपरमार्केटमधलं साधं ब्लीच घ्या, सुमारे ४ टक्क्यांचं. सुगंधी, दाट किंवा साबणमिश्रित नको. फार दिवस उन्हात पडलेली बाटलीही नको, तिचा जोर गेलेला असतो. फिल्टरची काडतुसं (आतली बदलायची कार्ट्रिज) आधी काढा. टाकी अर्धी भरा, ९५ लिटरला १२० मि.ली. ब्लीच बादलीभर पाण्यात मिसळून ओता, मग टाकी पूर्ण भरा. प्रत्येक नळ, गार आणि गरम दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा. शॉवर हमखास विसरला जातो, तोही सोडा. गाडी थोडी फिरवून आणा म्हणजे टाकीचा वरचा भागही ओला होतो. रात्रभर ठेवा, सकाळी रिकामी करा (ओढ्यात किंवा गवतावर नको), आणि वास जवळपास जाईपर्यंत दोन-तीनदा ताज्या पाण्याने धुवा. व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडने क्षार काढायचे असतील, तर ते वेगळ्या दिवशी, मध्ये टाकी नीट धुऊन. ब्लीचशी आम्ल मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता फिल्टरचं, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. कार्बन फिल्टर चव सुधारतो, पण क्लोरीनही खातो. तो पाइपावर लावून टाकी भरलीत, तर पाण्याचा राखणदार दारातच काढून घेतलात. मग ३५-४० अंशांच्या उन्हात टाकीतलं कोमट पाणी जंतूंना मोकळं. म्हणून भरताना फक्त गाळ अडवणारा फिल्टर, आणि १ मायक्रॉनचा कार्बन पिण्याच्या नळाच्या अगदी अलीकडे. काडतूस मुदतीत बदला. जुन्या कार्बनमध्येच जंतू वाढतात. पाणी दिसायला स्वच्छ आहे पण कुठलं ते नक्की नाही, असं असेल तर ९५ लिटरला १२ मि.ली. ब्लीच घालून अर्धा तास थांबा. नदी-ओढ्याचं पाणी मात्र उकळूनच प्या, त्यातला क्रिप्टोस्पोरिडियम हा पोट बिघडवणारा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही.

बोअरचं पाणी हा वेगळा विषय. आतल्या भागात ते खारं, जड, कधी गंधकाच्या वासाचं असतं. उकळल्याने क्षार आणि नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटल्याने दाट होतात. आपली तुरटी गाळ बसवते, बाकी काही नाही. नळावर 'नॉन-पोटेबल' (पिण्यायोग्य नाही) पाटी असेल तर वाद नको. पाटी नसेल तर गावाच्या माहिती केंद्रात विचारा. दोन टाक्यांची गाडी मिळाली तर दोन्हींना वेगळे व्हॉल्व्ह आहेत का बघा. एक टाकी फक्त पिण्याची, दुसरीत अंघोळी-भांड्यांचं. त्याशिवाय २० लिटरचा फूड-ग्रेड कॅन भरलेला ठेवाच. नलारबॉर हे दक्षिणेकडचं ओसाड मैदान ओलांडताना नॉर्समन ते सेडूना सुमारे १,२०० कि.मी. आहे, आणि वाटेतल्या रोडहाउसवर टाकी भरायला पाणी मिळेल हे गृहीत धरू नका. मातीच्या रस्त्यावर उडालेला दगड गाडीखालची टाकी फोडतो, तेव्हा हाच कॅन उपयोगी पडतो.

तुमच्यापैकी कोणी जलनेती करत असेल तर टाकीच्या पाण्याने अजिबात करू नका. क्लोरीन नसलेल्या कोमट पाण्यात नेग्लेरिया हा अमीबा वाढू शकतो. तो पिण्यातून नव्हे, नाकातून मेंदूत जातो, आणि त्यातून वाचणारे फार थोडे. नेतीला उकळून गार केलेलंच पाणी.

एका जागी महिनाभर काम मिळालं आणि गाडी उभी राहणार असेल, तर टाकी आणि गीझर दोन्ही रिकामे करा. गीझर आधी गार होऊ द्या, दाब सोडा, मगच खालचा प्लग काढा. स्टीलच्या गीझरमध्ये याच प्लगला, टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा, मॅग्नेशियमचा दांडा असतो. फक्त गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर आधी तिथेच बघा, आणि दांडा झिजून तारेएवढा झाला असेल तर नवा बसवा.