यूकेत नवीन लायसन्स आहे, मित्राची गाडी चालवताना पोलिसांनी विनाइन्शुरन्सची केस लावली, काय करू?

आधी घाईत ती ३०० पौंडांची फिक्स्ड पेनल्टी स्वीकारू नका. पैशाचं सोडा, खरी गोम सोबत लायसन्सवर चढणाऱ्या ६ पेनल्टी पॉइंट्समध्ये आहे. टेस्ट पास झाल्यापासून २ वर्षांत ६ पॉइंट्स झाले की डीव्हीएलए (लायसन्स देणारं सरकारी खातं) लायसन्सच रद्द करतं, मग परत प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), परत थिअरी, परत प्रॅक्टिकल, आणि पॉइंट्स तसेच राहतात ते वेगळंच.

पॉलिसीत तुमचं नाव त्या दिवशी होतं का ते पहिलं बघा, असेल तर सर्टिफिकेट पाठवा, विषय संपला. नसेल तर "मला माहीत नव्हतं" एवढ्याने सुटका नाही, पण मित्राने इन्शुरन्स आहे असं ठामपणे सांगितलं होतं आणि त्याचे मेसेज असतील तर कोर्टात 'स्पेशल रीझन्स' (गुन्हा मान्य, पण घडण्यामागे खास कारण होतं असं म्हणणं) मांडता येतात, ते पटलं तर पॉइंट्स टळू शकतात. किंवा पॉइंट्सऐवजी थोड्या दिवसांची ड्रायव्हिंगबंदी मागता येते, देणं न देणं कोर्टाच्या हातात. तिथे दंडाला वरची मर्यादा नाही हेही लक्षात ठेवा, म्हणून मोटरिंगच्या केसेस बघणाऱ्या सॉलिसिटरला (वकिलाला) एकदा विचाराच, आणि कोर्टाची नोटीस आली तर २१ दिवसांत उत्तर द्या.