प्रस्तरारोहकांचे हात : वाचकांच्या प्रश्नांना त्वचारोगतज्ज्ञाची उत्तरे

पावसाळा सरला की मुंब्र्याच्या कड्यावर आणि बेलापूरच्या दगडांवर सराव पुन्हा सुरू होतो आणि त्याबरोबर सोललेल्या, चिरलेल्या, घट्टे पडलेल्या हातांविषयीची पत्रेही वाढतात. नवी मुंबईत 2016 आणि 2017 साली बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढण्याच्या प्रकाराच्या, विश्वचषक मालिकेतील स्पर्धा झाल्या, त्या पाहून या खेळाकडे वळलेली मुलेही त्यांत आहेत. बहुतेक पत्रांत तेच चार-पाच गैरसमज पुन्हा पुन्हा येतात, म्हणून येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : घामेजलेले हात कोरडे ठेवायला लावतात ती पूड, म्हणजे चढाईचा चॉक, महाग पडतो. शाळेच्या फळ्यावरचा खडू कुटून वापरला तर चालेल का? (कळवा)

नाही, चढाईचा चॉक मॅग्नेशियम कार्बोनेटचा असतो आणि फळ्याचा खडू घाम तसा शोषत नाही.

प्रश्न : तळहातावर, बोटांच्या मुळाशी जाड घट्टे झाले आहेत. मित्र ब्लेडने तासतात. मीही तासू का? (कोपरखैरणे)

ब्लेड लावू नये. घट्टा ही त्वचेने स्वतःच तयार केलेली ढाल आहे. ती काढून टाकायची नसते, फक्त सपाट ठेवायची असते. घट्ट्याची कड उंच राहिली तर ती होल्डच्या, म्हणजे चढताना धरायच्या खाचेच्या किंवा उंचवट्याच्या, धारेत अडकते आणि खालच्या जिवंत कातडीसकट पापुद्रा निघतो. आंघोळीनंतर, हात कोरडे झाल्यावर, बारीक कानस किंवा पॉलिशपेपर कडेवर हलक्या हाताने फिरवावा आणि रात्री पेट्रोलियम जेली किंवा युरिया असलेले मलम लावावे. मधुमेह असेल तर यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. घट्ट्यात काळे ठिपके दिसत असतील तर ती विषाणूने होणारी चामखीळ असण्याची शक्यता आहे. ती तासल्यास पसरते, म्हणून आधी दाखवून घ्यावी.

प्रश्न : पापुद्रा निघाला की आमच्याकडे हळद दाबतात, कोणी चुना सांगतो, तर कोणी फेव्हिक्विकने चिकटवतो. योग्य काय? (घोडबंदर रोड)

तिन्ही नको. चुना जखम भाजतो, हळदीच्या डब्यातली पूड निर्जंतुक नसते आणि घरगुती गोंद उघड्या जखमेत गेल्यास आग करतो व आतली घाण आतच कोंडतो. शल्यचिकित्सक वापरतात तो गोंद वेगळा असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, जेणेकरून चॉकचा कण आत राहणार नाही. सुटलेली मेलेली कातडी स्वच्छ कात्रीने कापावी आणि पेट्रोलियम जेली लावून पट्टीने झाकावे. ‘उघडी ठेवली की लवकर वाळते’ हे ऐकीव आहे. ओलसर राखलेली जखम लवकर भरते. कड्यावर मातीत कापले असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : खाडीकाठच्या दमट हवेत हातांना इतका घाम येतो की पकड सुटते. हात कोरडे करणारी परदेशी ट्यूब ऑनलाइन मिळते. घेऊ का? (ऐरोली)

अशा काही ट्यूबमध्ये फॉर्मॅल्डिहाइड सोडणारे रसायन असते. ते प्रमाणाबाहेर लावल्यास कातडी काचेसारखी कडक होते आणि बोटांच्या पेरांवर खोल चिरते. डबीवर कड्याचे चित्र छापून चौपट किमतीला विकल्या जाणाऱ्या बामांतही बहुधा मेण आणि तेलच असते. घाम फक्त चढतानाच येतो की लिहितानाही कागद भिजतो, हे आधी पाहावे. दुसरा प्रकार असेल तर थायरॉइडची तपासणी, रात्री लावायचे ॲल्युमिनियम क्लोराइड, पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचे उपचार असे मार्ग आहेत, परंतु ते तपासूनच ठरवावे लागतात.

प्रश्न : वर्षभरापासून फक्त उजव्या तळहाताची साले निघतात आणि खाज येते. मेडिकलमधून ट्यूब आणतो, चार दिवसांत बरे वाटते, बंद केली की पुन्हा सुरू. आता होल्ड धरला की कातडी लगेच फाटते. (ठाणे पूर्व)

तुम्ही हात पाहिलात; आता पायांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. दोन्ही पाय आणि एकच हात अशी साले निघत असतील तर ते बुरशीचे, म्हणजे नायट्याच्या जातीचे, संसर्गाचे ओळखीचे रूप आहे. घट्ट रबरी बूट, तेही मोज्यांशिवाय, कधी दुसऱ्याने नुकतेच काढून दिलेले. त्यात पाय घामेजतात, चिखल्या होतात आणि ज्या हाताने आपण पाय खाजवतो त्याच हाताला लागण होते.

खरी चिंता त्या ट्यूबची आहे. मेडिकलवाला ‘खाजेसाठी चांगली’ म्हणून देतो त्या मिश्रणात बहुधा बुरशीवरचे औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र असते. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबते, म्हणून चार दिवसांत बरे वाटते. मात्र त्वचेचा प्रतिकारही दबल्यामुळे बुरशी आत वाढत राहते आणि ट्यूब बंद करताच दुप्पट जोराने वर येते. याहून वाईट म्हणजे स्टेरॉइड महिनोन्महिने लावल्यास कातडीला बळकटी देणारे कोलॅजन कमी होते आणि ती पातळ पडते. ज्याचे सारे वजन बोटांच्या कातडीवर पेलले जाते, त्याने ती स्वतःच्या हाताने पातळ करून घ्यावी, हे पाहून मला फार वाईट वाटते. केंद्र सरकारने 2018 मध्ये स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये आणून चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरीही ती काउंटरवरून हातात पडतात. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा : क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव असेल तर ती स्वतःच्या मनाने लावायची नाही.

निदान अवघड नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सालाचा कीस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशीचे धागे बहुधा तिथेच दिसतात. एक्झिमा किंवा सोरायसिस निघाला तर उपचार पूर्ण वेगळे, म्हणून तपासणीआधी आणखी काही लावू नका आणि आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब सोबत आणा. बुरशी असेल तर हात आणि पाय यांवर एकाच वेळी, काही आठवडे, खाज थांबल्यानंतरही उपचार चालू ठेवावे लागतात; बूट प्रत्येक वेळी पूर्ण वाळवावेत आणि भाड्याचे बूट घालताना पातळ मोजे वापरावेत.

प्रश्न : टोकदार दगड टोचल्यावर मधले बोट पूर्ण सुजले आहे, वाकलेलेच राहते, सरळ करताना कळ येते. शेकू का? (पनवेल)

शेकू नका, हे वाचताक्षणी हाताच्या शल्यचिकित्सकाकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ही नखुरड्यासारखी वरवरची सूज नसून बोट वाकवणाऱ्या कंडरेभोवतीच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाभोवतीच्या) आवरणात पू झाल्याची लक्षणे असू शकतात. त्यात काही तासांचा उशीर झाला तरी बोट कायमचे आखडण्याचा धोका असतो.

प्रश्न : सरावानंतर कार्यालयातील हजेरीच्या यंत्रावर ठसा उमटत नाही. ठसे कायमचे जातील का? (महापे)

नाही. घासला जातो तो त्वचेचा वरचा थर. रेषांचा साचा त्याखाली असतो आणि साधारण चार आठवड्यांत थर नवा येतो. तोवर कार्यालयात दुसऱ्या बोटाची नोंद करून घ्यावी. सराव थांबवूनही महिन्याभरात ठसा उमटला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना बोटे दाखवावीत.