व्हॅलेन्सिया पाहायचं तर नदीत उतरा

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात राहतो. एप्रिलमध्ये आम्ही दोघं आठवडाभर त्याच्याकडे जाणार आहोत. तो दिवसभर कामावर, त्यामुळे फिरणं आमचं आम्हालाच. माझं वय ६६, हिचं ६१. हिचे गुडघे दुखतात. जुन्या वास्तू आणि बागा पाहण्याची दोघांनाही हौस आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सुरुवात नदीपासून करा. तुरिया तिचं नाव. दोन्ही काठांना दगडी भिंती आहेत, वर एकामागून एक पूल आहेत, आणि पात्रात पाणी नाही. मी पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली. निवृत्तीनंतर मुलीकडे चार महिने या शहरात राहिलो. पहिल्या सकाळी पुलाच्या कठड्यावरून वाकून पाहिलं, तर खाली संत्र्यांची झाडं आणि सायकलीवरून शाळेला निघालेली मुलं! नदीच्या तळाशी चाललेली शाळेची वाट मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

त्यामागची हकिगत कळली की चालण्याला अर्थ येतो. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरियाला एकाच दिवसात दोन लोंढे आले. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होता. किमान ८१ माणसं गेली. जुन्या गावात काही भिंतींवर त्या पुराच्या पातळीच्या फरश्या अजून दिसतात. एकीखाली उभा राहिलो तर खूण माझ्या डोक्याच्या वर होती. मग सरकारनं नदीच शहराबाहेर काढली. दक्षिणेकडून समुद्रापर्यंत सुमारे १२ किलोमीटरचं नवं पात्र खोदलं, सेकंदाला ५,००० घनमीटर वाहून नेईल असं. आपल्या हिशेबात जवळजवळ पावणेदोन लाख क्युसेक.

रिकाम्या झालेल्या जुन्या पात्रातून मोटारींचा हमरस्ता न्यायचा बेत होता. लोक विरोधात उभे राहिले. 'तुरियाचं पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवं' ही त्यांची घोषणा. १९७६ मध्ये ती जमीन शहराच्या ताब्यात आली, पुढच्या दशकात बाग होऊ लागली. आज ती नऊ किलोमीटरच्या आसपास लांब आहे. धरणाकालव्यांची कामं करणाऱ्या माझ्यासारख्याला या बागेइतकं कौतुक दुसऱ्या कशाचंच वाटलं नाही.

एका दमात सगळी बाग चालायची नाही, हे मात्र आधीच ठरवून टाका. बाग सपाट आहे, बाकं पुष्कळ आहेत, आणि जागोजागी उतारावरून खाली जाता येतं, जिना टाळता येतो. पहिल्या दिवशी सेरानोसच्या वेशीपाशी उतरा आणि समुद्राच्या दिशेनं जुन्या दगडी 'पुएंते देल मार'पर्यंत सावकाश जा. हा पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या पुढे संगीतगृहासमोर कारंजी आणि संत्र्यांच्या रांगा आहेत. एप्रिलमध्ये संत्र्याचा मोहोर असेल तर तिथून उठवणार नाही. आणखी पुढे लिलिपुटच्या गोष्टीतल्या गलिव्हरचा ७० मीटर लांबीचा पुतळा जमिनीला बांधून पडलेला आहे आणि त्याच्या हातापायांच्या घसरगुंड्यांवर पोरं लोळत असतात. पुढं-मागं नातवंडं आली तर त्यांना तिथंच न्या. शेवटाला वास्तुशिल्पी कालात्रावांच्या पांढऱ्याशुभ्र इमारतींचं विज्ञाननगर आहे. मला ते बाहेरून, संध्याकाळी, पाण्याच्या कडेला बसून पाहिलेलंच आवडलं.

सेरानोसची वेस १३९२ ते १३९८ मध्ये बांधलेली. बाहेरून दोन धिप्पाड बुरूज, पण गावाच्या बाजूनं मागची भिंतच नाही, सगळं उघडं. वेशीनं पुढं तीनशे वर्षं तुरुंगाचंही काम केलं. मला मोह घालणारी गोष्ट स्पेनच्या यादवी युद्धातली (१९३६-३९) आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली चित्रं बॉम्बपासून वाचवण्यासाठी इथं आणली होती. त्यासाठी आत काँक्रीटचं जाड छत घातलं आणि धक्का शोषून घ्यायला वर भाताच्या तुसाचा थर दिला. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला भातखाचरं आहेत, तेव्हा तुसाला तोटा नव्हता. वर जायला दगडी जिना आहे; वहिनींनी खालूनच पाहावं. कॅथीड्रलच्या मिगेलेते मनोऱ्याला तर २०७ गोल पायऱ्या आहेत. तिथं तुम्ही एकटे जा.

एकच वास्तू आतून पाहायची असेल तर ती रेशीमबाजाराची, 'लोंखा'. १९९६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. सतरा मीटरहून उंच दालन आणि दोराला पीळ द्यावा तसे पिळलेले दगडी खांब. मान वर करून आधी खांब पाहाल, पण भिंतीच्या वरच्या कडेनं फिरणारी लॅटिन अक्षरं चुकवू नका. ती सांगतात की मी पंधरा वर्षांत उभी राहिले; जो व्यापारी बोलण्यात कपट करत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही, व्याजानं पैसा लावत नाही, तो संपत्तीत न्हाईल आणि शेवटी चिरंतन जीवनही भोगील. सौदा चालू असताना हे डोक्यावर लिहिलेलं असायचं! मुलगी वर पाहत एकेक शब्द उलगडत होती आणि मी वहीत उतरवून घेत होतो. समोरच १९२८ ची मध्यवर्ती मंडई आहे. तिथं सकाळीच जा. रविवारी ती बंद असते.

बागांपैकी व्हिवेरोस ही मोठी. तिथं पूर्वी राजवाडा होता. फ्रेंच फौजेनं त्याचा आसरा घेऊन शहरावर तोफा डागू नयेत म्हणून १८१० मध्ये शहरानंच तो पाडला. बागेतली टेकाडं त्याच्याच राडारोड्याची आहेत. जवळच मोंफोर्तेची लहान, शांत बाग आहे, तिथं बोगनवेलीचा मांडव आहे. दुपारच्या उन्हासाठी विद्यापीठाची वनस्पतीबाग राखून ठेवा. आणि पार्तेरे नावाच्या बागेतली वडाच्या कुळातली प्रचंड झाडं पाहा. त्यांच्या मुळांच्या भिंतींआड माणूस लपतो. घरची आठवण आली की मी तिथं जाऊन बसत असे.

प्रश्न : २०२४ च्या पुरानंतर तिथं जाणं सुरक्षित आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून अधिक माणसं दगावली. जुनं शहर वाचलं, कारण तुरियाचं पाणी नव्या पात्रातून गेलं. पाइपोर्ता आणि आसपासची गावं मात्र त्या पात्राच्या पलीकडे, पोयो नावाच्या ओढ्याच्या वाटेवर आहेत. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या त्या ओढ्यानं घात केला. प्रवाशाला आता अडचण नाही. पाऊस सहसा शरद ऋतूत कोसळतो, तेव्हा त्या दिवसांत गेलात तर हवामान खात्याचा लाल इशारा आला की बाहेर पडू नका. आणि ते हिरवं पात्र पाहून कुणी 'शहराचा पूर संपला' म्हणालं, तर त्याला पाइपोर्ताचं नाव सांगा.

प्रश्न : तिथं शेतकऱ्यांचं जलन्यायालय भरतं असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : खरं आहे, आणि धुळ्याच्या माणसानं ते पाहायलाच हवं. दर गुरुवारी दुपारी बाराला, कॅथीड्रलच्या 'प्रेषितांच्या दारा'समोर भरतं. तुरियावरच्या आठ कालव्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी काळे सदरे घालून गोल बसतात. एक माणूस एकेका कालव्याचं नाव घेऊन तक्रार असलेल्यांना पुकारतो. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी आणि व्हॅलेन्सियन भाषेत, निकाल तिथल्या तिथं. युनेस्कोनं २००९ मध्ये त्याला वारशाचा मान दिला.

मी तुमच्या धुळ्याच्या पांझरेच्या खोऱ्यात नोकरी केली आहे, जिथं गावं मिळून पाणी वाटून घेतात ती फड पद्धत चालते. फडावरचा पाटकरी, पाण्याची पाळी, पाळी चुकवणाऱ्याला गावानं ठोठावलेला दंड हे सगळं पाहिलेलं. त्यामुळे भाषा कळत नसतानाही तिथं काय चाललंय ते कळत होतं. मी तीन गुरुवार गेलो. दोनदा एकही तक्रार नव्हती, आठ नावं पुकारली आणि मंडळी उठली. पावणेबारालाच जाऊन पुढची जागा धरा. नंतर जवळच्या एखाद्या दुकानात गार 'ओर्चाता' प्या. नागरमोथ्याच्या कुळातल्या एका गवताच्या कंदाचं ते दुधासारखं पेय आहे, पण त्यात दूध नसतं. तो कंद शहराला लागूनच, उत्तरेकडच्या आल्बोरायाच्या मळ्यांत पिकतो, आणि त्याला पाणी मिळतं ते याच कालव्यांचं.