लॅपटॉप मिटल्याचा आवाज

*ताई, मी घरी बसून मालिकांचे संवाद लिहिते. नवरा चिंचोळी एमआयडीसीत, मुलगा पुण्याला. चार वर्षांपूर्वी गड्डा यात्रेतल्या दारूकामाला भिऊन एक पिल्लू आमच्या गाडीखाली शिरलं, तोच आमचा गड्ड्या. सकाळी नऊपासून टेबलाखाली पडलेला असतो. मी लॅपटॉप मिटला की शेपूट हलवत उठतो. मी नुसती चहाला उठलेय हे कळलं की मोठा सुस्कारा सोडून परत पडतो. तो सुस्कारा मला दिवसभर टोचतो. सासूबाई म्हणतात, मोहोळला दिरांच्या शेतावर सोड, मोकळा हिंडेल. माझ्या कामापायी मुक्या जिवाचे हाल होताहेत का?*
*– एक लेखिका, जुळे सोलापूर*

हाल होत नाहीत. हे आधीच सांगते, कारण तुम्हाला आज एपिसोड पाठवायचा असणार.

पूर्ण वाढलेलं कुत्रं दिवसाचे १२ ते १४ तास झोपेत नाहीतर डुलक्यांत काढतं. त्याची खरी चुळबुळ पहाटे आणि संध्याकाळी. आपल्याकडे एप्रिलात पारा ४२ च्या पुढे गेल्यावर, भरदुपारी टेबलाखालची शहाबादी फरशी सोडून तो जाईल तरी कुठे? घाम येतो तो फक्त पंजांना, बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. शेतावर मोकळा हिंडेल, असं म्हणायला बरं वाटतं. चार वर्षं माणसाच्या पायाशी झोपलेलं कुत्रं शेतावर गेलं की पहिला महिनाभर रस्त्याकडे तोंड करून बसतं. शिवाय गोचीड असतात ते वेगळेच.

आता सुस्काऱ्याचं. माझे वडील कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून द्यायचे, उरलेलं काम घरी आणायचे. टायपरायटरवर रेक्झिनचं कव्हर चढलं की आमची वाघी उठून थेट दाराशी. मध्ये वडील पाणी प्यायला उठोत की कुणाशी भांडायला, ती डोळासुद्धा उघडायची नाही. कारण कव्हर दिवसातून एकदाच चढायचं.

तुम्ही लॅपटॉप किती वेळा मिटता? चहा, कुरिअर, फोन, नळाला पाणी आलं म्हणून. दर वेळी गड्ड्याला वाटतं, निघालो! सुस्कारा त्या हिरमोडाचा आहे. टेबलाखाली पडून राहायला त्याची ना नाही, फक्त रोज दहादा त्याची फसगत होते. तेव्हा मधल्या वेळात उठताना लॅपटॉप उघडाच ठेवा. मिटायचा तो फिरायला निघताना, आणि मिटल्यावर पाच मिनिटांत पट्टा हातात हवा. निर्मात्याचा फोन आला तरी. (तो येणारच, यांना बरोबर त्याच वेळी बदल सुचतात.) आणि टाइप करता करता डाव्या हाताने थोपटणं बंद करा. त्याने वाक्यही बिघडतं आणि कुत्र्यालाही कळत नाही की आपल्याला बोलावलंय की नाही.

उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला निघू नका. तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवून सात सेकंद धरवत नसेल, तर त्याचे पंजे भाजतील. साडेसात होऊ द्या, मग कंबर तलावाच्या बाजूला न्या. एकेका खांबापाशी दोन-दोन मिनिटं घालवेल, घालवू द्या. त्या हुंगण्याने त्याचं डोकं दमतं, नुसत्या भराभर चालण्याने नाही. मोबाइल घरी.

पुढे पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय, 'दिवसभर मी त्याच्याशीच बोलते.' संवाद मोठ्याने म्हणून बघता, खलनायिकेच्या आवाजाला तो कान टवकारतो, हेही लिहिलंय. वाचताना हसू आलं. पण नऊ ते सात त्या खोलीतून तुम्हीही हलत नाही, बाई. तो सुस्कारा टोचतो त्याचं हेही एक कारण असेल. तलावापाशी रोज त्याच वेळी येणारी कुत्र्यावाली माणसं असतात. आधी कुत्र्यांची ओळख होते, मग आपली.

सासूबाईंशी शेताचा विषय काढूच नका. पत्राच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय की भाकरीचा पहिला तुकडा त्याच त्याच्यासाठी बाजूला काढतात, वर शेंगाचटणी भुरभुरून. त्यांना एवढंच सांगा, की चटणीतला लसूण कुत्र्याला बाधतो. भाकरी कोरडीच द्या म्हणावं.