'अनाम्नेसिस' म्हणजे नुसती आठवण का?

तुमचा प्रश्न असा आहे: पाळकांनी प्रवचनात 'अनाम्नेसिस' हा ग्रीक शब्द वापरला, त्याचा अर्थ 'आठवण' एवढाच का? आणि तसं असेल, तर प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाप्रमाणे भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीत, आपण येशूची फक्त आठवण काढतो का? मी सोलापूरचा, मंडळीतला एक साधा सभासद. हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नव्या करारात हा शब्द चारच वेळा येतो: लूक २२:१९, १ करिंथ ११:२४ व २५ आणि इब्री १०:३. मत्तय आणि मार्क शेवटच्या भोजनाची हकीकत सांगतात, पण 'माझ्या स्मरणार्थ हे करा' हे येशूचं वाक्य, ज्यात हा शब्द आहे, ते त्यांच्याकडे नाही. लेखी स्वरूपात सर्वांत जुनी साक्ष प्रेषित पौलाची. करिंथकरांना त्याचं हे पत्र साधारण इ.स. ५५ च्या सुमाराचं, म्हणजे शुभवर्तमानं लिहिली जाण्याच्या आधीचं. आणि तोही म्हणतो की जे मला मिळालं तेच मी तुमच्या स्वाधीन केलं.

ग्रीक तत्त्वज्ञान वाचलेली माणसं इथं लगेच प्लेटो काढतात. आत्म्याला सगळं आधीच ठाऊक असतं, शिकणं म्हणजे ते पुन्हा आठवणं, असं तो म्हणतो आणि शब्द हाच वापरतो. पण लूक सांगतो ते जेवण वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटल्याच्या यहुदी सणाचं आहे. म्हणून मला प्लेटोपेक्षा जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर जवळचं वाटतं, कारण पहिल्या मंडळ्यांचं शास्त्र बहुतेक ठिकाणी तेच होतं.

तिथं हा शब्द कसा येतो पाहा. लेवीय २४:७ मध्ये परमेश्वरासमोर मांडलेल्या भाकरी आणि त्यांच्यावर ठेवलेला धूप आहे, आणि ते 'अनाम्नेसिस'साठी आहे. गणना १०:१० मध्ये सणाच्या दिवशी अर्पणांवर कर्णे वाजवायचे, म्हणजे देवासमोर तुमची 'अनाम्नेसिस' होईल. दोन्ही ठिकाणी कुणी डोळे मिटून मागचं आठवत बसलेलं नाही. काहीतरी मांडलं जातं, वाजवलं जातं, उघड केलं जातं, आणि तेही देवासमोर.

सगळ्यात लख्ख उदाहरण मला सारफथच्या विधवेचं वाटतं (१ राजे १७:१८). मुलगा दगावल्यावर ती एलीया संदेष्ट्याला विचारते, माझ्या पापाचं स्मरण करून देऊन माझ्या मुलाला मारायला आलास का? ग्रीक भाषांतरात इथं याच शब्दाचं क्रियापद आहे. तिच्या मते जुनं पाप देवासमोर काढलं गेलं की ते आजच्या दिवसावर येऊन आदळतं. इब्री १०:३ त्याच अर्थानं वाचा: त्या यज्ञांनी दरवर्षी पापांचं स्मरण होत होतं. आणि आता शेवटच्या भोजनाच्या वेळचं, वरच्या माडीवरचं येशूचं वाक्य त्याच्या शेजारी ठेवा. 'माझ्या स्मरणार्थ.' पापाच्या जागी तो स्वतः येतो. मला हे वाचताना आजही भरून येतं.

वल्हांडणाचंही तसंच. निर्गम १२:१४ त्या दिवसाला स्मारक म्हणतं. तिथं ग्रीक शब्द वेगळा आहे, पण मूळ धातू तोच. यहुद्यांच्या मिश्नात, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, सांगितलंय की प्रत्येक पिढीतल्या माणसानं जणू आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असं मानावं. आजोबा सुटले असं म्हणायचं नाही, मी सुटलो म्हणायचं.

तुम्ही सोलापुरात किंवा आसपास राहत असाल, तर हे समजायला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा पुरे. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागल्याची कथा इथं घरोघरी माहीत आहे. पण संक्रांतीच्या सुमारास पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वज घेऊन संमती कट्ट्याशी येतात, तेव्हा कुणी त्या लग्नावर भाषण करत नाही. लग्न लागतं, आणि जमलेला समुदाय अक्षता टाकतो. पाहुणे म्हणून आज हजर राहून आठवणं, याची सवय आपल्या गावाला आहे. धर्म वेगळा, कथा वेगळी, तरी आठवण करण्याची ही रीत मला बायबलच्या जवळची वाटते.

फरक मात्र सोडून चालणार नाही. इब्रीकरांस पत्र पुन्हा पुन्हा सांगतं की ख्रिस्ताचं अर्पण एकदाच झालं. वधस्तंभ दर रविवारी नव्यानं घडत नाही. मग मेजावर नेमकं काय होतं? भांडण इथंच पेटलं. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला प्रोटेस्टंट चळवळीचे दोन पुढारी, लूथर आणि झ्विंगली, समोरासमोर बसले. झ्विंगली म्हणाला, हे स्मरण आहे. लूथरनं 'हे माझे शरीर आहे' हे शब्द मेजावर खडूनं लिहिले आणि तिथून हलायला तयार झाला नाही. १५६२ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं कॅथलिकांच्या बाजूनं ठरवलं की मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, ही नुसती आठवण नव्हे. सोलापुरातलं जुनं प्रोटेस्टंट काम अमेरिकन मराठी मिशनचं. त्या परंपरेचा कल झ्विंगलीकडे, म्हणून आपल्यातल्या अनेकांच्या कानावर 'फक्त स्मरण' हेच पडत आलं. पुढं १९८२ मध्ये लिमा इथं प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक अभ्यासकांनी मिळून जो मजकूर मान्य केला, त्यात प्रभुभोजनाचं एक अंग म्हणून हाच शब्द घेतला आहे. सगळे वाद मिटले नाहीत, पण 'फक्त' हा शब्द गळाला. माझंही मत तेच. स्मरण म्हणायला माझी काहीच हरकत नाही, 'फक्त'ला आहे.

योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकानं आणखी पुढं जाऊन सुचवलं की अर्थ 'देवानं माझं स्मरण करावं म्हणून हे करा' असा घ्यावा. वर दिलेली लेवीय आणि गणना यांतली वचनं पाहता त्यात तथ्य आहे. पण पौल लगेच पुढच्या वचनात (११:२६) म्हणतो की तुम्ही भाकर खाता, प्याला पिता, तेव्हा तो येईपर्यंत प्रभूचं मरण जाहीर करता. जाहीर करायचं ते माणसांपुढे. त्यामुळे येरेमियासचं मी अर्धंच घेतो.

'तो येईपर्यंत' यावरून आठवलं. पूर्वेकडच्या मंडळ्यांत योहान क्रिसोस्टोमच्या नावानं चालणाऱ्या उपासनेत भाकर-प्याल्याच्या शब्दांनंतर जी प्रार्थना येते तिलाही 'अनाम्नेसिस' म्हणतात. तिच्यात वधस्तंभ, कबर, तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान, स्वर्गारोहण यांचं स्मरण होतं, आणि त्याच ओळीत दुसऱ्या येण्याचंही! जे अजून घडलेलं नाही त्याचंही स्मरण. आपल्या रोजच्या 'आठवण' या शब्दात ते मावत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. पौलाला हे शब्द लिहावे का लागले? करिंथात कुणी येशूला विसरलं नव्हतं. तिथं पंगतीत भेद चालला होता. ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून, पिऊन तर्र होत, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत. पौल संतापून म्हणतो, हे तुमचं प्रभुभोजन नव्हेच. भाकर मोडली गेली, शब्द म्हटले गेले, आणि तरीही स्मरण झालं नाही, कारण शेजारचा भुकेला राहिला. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसांचा पाणउतारा झालेल्या आपल्या मुलखात हे कळायला टीकाग्रंथ लागत नाहीत. आपल्याकडे उपासनेत हा उतारा बहुधा २३व्या वचनापासून वाचतात. तुम्ही घरी १७व्यापासून ३४व्यापर्यंत सलग वाचा, मोठ्यानं वाचा.