कॅनडात निर्वासित-दावा फेटाळल्यावर फेडरल कोर्ट नेमके काय तपासते?

कॅनडात निर्वासित अपील विभागानेही कुटुंबाचा दावा फेटाळला, तर फेडरल कोर्ट स्वतः संरक्षण देऊ शकते का, असा आपला प्रश्न आहे. सहसा नाही. न्यायाधीश दाव्याची नव्याने सुनावणी घेत नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वाविलोव्ह निकालापासून मुख्य कसोटी ही की दिलेली कारणे सुसंगत आहेत का आणि समोरचा पुरावा व कायदा यांच्या आधारे निर्णय समर्थनीय ठरतो का. म्हणून 'आम्ही खरे बोलत होतो' एवढे सांगून भागत नाही. कोणता महत्त्वाचा पुरावा दुर्लक्षिला गेला, हे नेमके दाखवावे लागते. कुटुंबाची सुनावणी एकत्र झाली तरी प्रत्येकाचा दावा स्वतंत्र असतो, त्यामुळे मुलीला असलेला वेगळा धोका वडिलांच्या विश्वासार्हतेच्या प्रश्नात विरून गेला असेल, तर तो मुद्दा ठामपणे मांडावा, कारण मुलांची बाजू अशीच हरवते. यश आल्यास प्रकरण बहुधा अपील विभागाच्या दुसऱ्या सदस्याकडे फेरनिर्णयासाठी जाते.

मात्र आधी कोर्टाची परवानगी लागते आणि निर्णय कळल्यापासून केवळ १५ दिवसांत अर्ज करावा लागतो, म्हणून आजच वकील गाठा.